पाच लिटर समुद्र

समुद्र सेलूला आला तो मंगळवारी,
गोडेतेलाच्या धुतलेल्या कॅनमधून,
उरणला कापसाच्या गाठी उतरवून
रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये,
तहसीनच्या चाचाच्या पायांपाशी.

एक रात्र मुक्काम तिच्या घरी.
तिथं नळ नवव्या दिवशी येतो,
म्हणून दारात कॅनांची रांग कायमची.
रांगेत हाही उभा राहिला,
कुणाला वेगळा वाटला नाही.
पहाटे तिच्या अम्मीनं त्यातलंच तांब्याभर
चहाला घातलं.
पहिला घोट अब्बांनी घेतला.
पुढचं तहसीन सांगत नाही, नुसती हसते.

मी कॉलेजातला परिचर, नवसाजी.
सत्तावीस वर्षं काचा धुतो.
साठा-नोंदवहीत लिहिलं :
समुद्राचं पाणी, आवक ५ लिटर.
मग खोडलं, चहाचा तांब्या वजा केला.
४ लिटर.

दुधगावकर मॅडम म्हणाल्या, घरीच करता आला असता की समुद्र,
लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ.
तहसीन म्हणाली, मॅडम, त्यात मासे राहिलेले नसतात.
खराखुरा कुणीच पाहिला नव्हता.
मीबी नाही.
पोरांनी बोट बुडवून चाखला.
मॅडमनी डोळे वटारले,
मग पाठ करून
आपलंही बोट बुडवलं.

छतावर सोलरची पाटी, बेचाळीस डिग्री.
ऊन तेवढं आमच्याकडं
नंबर न लावता मिळतं.
खिडकीतून दोन तारा खाली आल्या,
तारांना दोन जाळ्या,
आणि समुद्राला उकळी फुटली,
गार गार उकळी,
मोहरीहून बारीक.

पहिल्या दिवशी वास सुटला नळाचा.
तोच, टीसीएल पावडरचा, नवव्या दिवसाचा.
व्हरांड्यातून कुणीतरी ओरडलं, पाणी आलं!
मॅडम म्हणाल्या, खिडक्या उघडा, क्लोरीन आहे तो.
आपल्याला इकडं ऑक्सिजन पाहिजे,
पण मिठातला हा मधेच घुसतो.
जालन्याहून आणलेली स्टीलची जाळी
दुपारपर्यंत लाल,
संध्याकाळी तिला भोकं.
दुसरीवर पांढरी साय धरलेली.
पाणी तुटायलंय खरं,
पण आधी जाळी खायलंय.

अकरा जाळ्या गेल्या.
निकेलचा लेप, त्यावर लोखंडाचा,
तव्यावर धिरडं पसरावं तसा पातळ.
तहसीनच्या वहीत रकाने :
तारीख, व्होल्ट, वास.
वासाच्या रकान्यात : नळ. नळ. नळ. थोडा नळ.
बाराव्या जाळीला
सकाळी : वास नाही.
दुपारी : थोडा नळ.
तिनं ते खोडलं नाही.

उलट्या परीक्षानळीत काहीच दिसत नव्हतं.
काडी जवळ नेली :
पॉक.
खिडकीतली चिमणी उडाली.
एवढंच? कुणी म्हणालं,
आणि लगेच, पुन्हा करा ना मॅडम.

मग नळीच्या टोकाला ज्योत लावली,
उन्हात ती दिसेना.
मला सांगितलं, नवसाजीमामा, वर बीकर धरा.
बीकर मी माठावर ठेवून गार केला होता.
काचेच्या आत धुकं धरलं,
थंडीत लेकराच्या तोंडापुढं आरसा न्यावा तसं.
धुकं सरकलं, काठाला जमलं,
एक थेंब झाला, लोंबकळत राहिला.
पंखा बंद करा, मॅडम म्हणाल्या,
पंखा तसाही बंदच होता.

तहसीननं तो बोटावर घेऊन जिभेला लावला.
आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघायलो.
"अळणी," म्हणाली.

आज शिल्लक एक लिटर, थोडं वर.
ते बाटलीत ओतलं, चिठ्ठी लावली,
आम्लांच्या शेजारी ठेवलं.
कॅन तीनदा विसळला.
अम्मीचा निरोप आलाय :
उद्या नळ आहे,
कॅन पाठवून द्या.